राजवाड्याच्या हिरवळीवर उतरण्यापूर्वी

बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील मैदानावर आपण गोल्फ शिकायला येणार असल्याचे कळले. नियमानुसार पिशवीत १४ काठ्यांपर्यंत ठेवता येतात, परंतु तेवढ्या लगेच विकत घेऊ नका. पटर (चेंडू जमिनीवरून भोकाकडे ढकलण्याची काठी), सात नंबरचे आयर्न (मधल्या अंतराच्या फटक्याची काठी) आणि एक वेज (चेंडू जवळच्या अंतरावर उंच उडवण्याची काठी) पहिल्या सहा महिन्यांना पुरे. नवशिके लांब फटक्याच्या मागे लागतात (मीही लागलो होतो आणि खांदा दुखावून बसलो), मात्र पार ७२ च्या, म्हणजे अठरा भोकांसाठी अपेक्षित धरलेल्या ७२ फटक्यांच्या हिशेबात निम्मे, म्हणजे ३६ फटके ग्रीनवरच्या (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरच्या) पटिंगचे, म्हणजे पटरने चेंडू ढकलण्याचे धरलेले असतात. म्हणून सव्वाचार इंच व्यासाच्या त्या भोकापासून दोन हातांवर उभे राहून सराव सुरू करा आणि अंतर हळूहळू वाढवा.

मैदानाची निगा हाही शिक्षणाचाच भाग आहे. उंचावरून पडलेल्या चेंडूने ग्रीनवर खळगा पडतो, तो दुरुस्त करताना पुष्कळ जण त्यासाठीचा छोटा दाती काटा खुपसून माती खालून वर उचकटतात. त्याने मुळे तुटतात आणि तिथे तपकिरी डाग उरतो. काटा खळग्याच्या कडेला रोवून गवत मध्याकडे ढकलावे आणि मग पटरने हलकेच दाबावे. बंकरमधून, म्हणजे अडथळा म्हणून केलेल्या वाळूच्या खड्ड्यातून बाहेर पडताना वाळूवर दाताळे फिरवण्यास विसरू नये.

इतिहासापुरते एवढे ठाऊक असू द्या, की लेखी नियम प्रथम १७४४ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे झाले आणि ते अवघे तेरा होते. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा. पहिल्या दिवशी पहाटे या, दवाने ओल्या ग्रीनवर चेंडू किती मंद धावतो ते दिसेल.