जग बुडवायचं आहे, बजेट नाही

वाचकांचे प्रश्न : पडद्यामागून

जगाच्या शेवटावरच्या छोट्या नाटिका एकत्र गुंफून प्रयोग बसवणाऱ्या कोल्हापुरातल्या संचांची पत्रं या खेपेला घेतली आहेत. बहुतेकांचं विचारणं एकच, प्रलय दाखवायचा कसा? आमचं म्हणणंही बहुतेक ठिकाणी एकच आहे: जेवढं कमी दाखवाल तेवढं बरं, फक्त ते कमी नीट दाखवायला हवं.

बारा-बारा मिनिटांच्या सहा नाटिका आहेत. बेरीज 72 मिनिटं. रंगीत तालीम मात्र पावणेदोन तास चालली. संहितेला कात्री कुठं लावायची? (राजारामपुरी)

संहितेला हात लावण्याआधी हिशेब मांडा. बसून वाचताना 12 मिनिटांची असलेली नाटिका उभी राहिली की 14 मिनिटांची होते, कारण वाचनात चालणं, वळणं, थांबणं धरलेलं नसतं. सहा नाटिकांत 12 मिनिटं तिथं गेली. मधल्या पाच बदलांना चार-चार मिनिटं लागत असतील तर आणखी 20. झाली 104. प्रेक्षक कंटाळतो तो या वीस मिनिटांत. अंधारात खुर्च्या सरकल्याचे आवाज, कुणीतरी "अरे, डावीकडं" म्हणून कुजबुजतंय, आणि जग मघाशी बुडालेलं असूनही टेबल काही हलत नाही.

वेगवेगळं नेपथ्य सोडा. 18 इंचांचे सहा खोके करा, 12 मिलिमीटर प्लायचे, एक बाजू उघडी ठेवून. आठ बाय चारच्या एका शीटमधून 18 इंचांचे दहा चौकोन निघतात, म्हणजे पाच बाजूंचे दोन खोके. सहा खोक्यांना तीन शीट लागतात. एकेक खोका साडेसात-आठ किलोचा होतो, एकट्याला उचलता येतो. समोरासमोरच्या दोन बाजूंना हाताची खाच पाडा आणि कडा घासून घ्या, नाहीतर साडीचा पदर अडकतो. उघड्या बाजूतून पुढच्या नाटिकेची प्रॉपर्टी, म्हणजे मंचावर लागणाऱ्या वस्तू, आतच ठेवता येते. हेच खोके बाक होतात, छप्पर होतात, चिता होतात.

बदल पूर्ण अंधारात करू नका. मंद निळ्या उजेडात, मागे एखादा आवाज चालू ठेवून, प्रेक्षकांच्या देखत करा. कुणी कुठला खोका कुठं न्यायचा हे कागदावर लिहा आणि एक अख्खी तालीम फक्त बदलांची घ्या, संवाद न म्हणता, हातात घड्याळ घेऊन. 30 सेकंदांच्या आत येईपर्यंत सोडू नका. मग प्रयोग साडेशहाऐंशी मिनिटांवर येतो. त्याहून कमी हवा असेल तर सहाही नाटिका ओरबाडण्यापेक्षा एक अख्खी काढा. सहापैकी एक दुबळी असतेच, आणि कुठली ते संचाला ठाऊक असतं.

शेवटच्या प्रसंगात आभाळातून राख पडते. रांगोळी चाळून टाकावी, मैदा वापरावा, की चुलीतली खरी राख? (मंगळवार पेठ)

तिन्ही नको. चुलीची राख क्षारीय असते. घामेजलेल्या चेहऱ्यावर आणि डोळ्यांत गेली की चरचरते, नट पुढचं वाक्य विसरतो. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. ती छातीत जाते, आणि लाकडी मंचावर तिच्यावरून पाय घसरतो. मैदा आणि मक्याचं पीठ दिसायला सगळ्यांत गरीब, पण हवेत बारीक पसरलेली पिठाची धूळ भडका घेते. 27 जून 2015 ला तैवानमध्ये एका कार्यक्रमात मक्याच्या पिठाची रंगीत पावडर उधळताना असाच भडका उडाला. 15 जण गेले, जखमी पाचशेच्या घरात होते. वर तापलेले दिवे असलेल्या मंचावर हा खेळ नकोच.

राखेसाठी राखाडी पतंगी कागद घ्या. सेंटिमीटरभराचे वेडेवाकडे तुकडे फाडा, कात्रीने कापू नका. सरळ कडा उजेडात लगेच ओळखू येते आणि राखेची मिरवणुकीतली उधळण होते. टाकायला झोळी करा: दहा फूट लांब, दोन फूट रुंद जुनी चादर, तिच्या मधल्या पट्ट्यात चार-चार इंचांवर इंचभराच्या चिरा, एका ओळीत नाही, आड-आड. एक लांब कड वरच्या पाइपला पक्की बांधा. दुसरी कड वेगळ्या काठीला, आणि त्या काठीची दोरी विंगेत. दोरी सावकाश हलवली की तुकडे झिरपतात. झटका दिला की पसाभर एकदम खाली येतं आणि हशा पिकतो. पहिले तुकडे पडायला लागले की पंखे बंद. दोन किंवा तीन तुकडे पडल्यावर थांबा, संवाद होऊ द्या, मग बाकीचे सोडा. त्या पहिल्या दोन-तीन तुकड्यांकडेच सगळं थिएटर बघत असतं.

झाडून गोळा केलेला कागद चाळल्याशिवाय पुन्हा झोळीत भरू नका. केरातून खिळे, टाचण्या, प्लायची कुसळं वर जातात आणि पुढच्या प्रयोगात नटाच्या वर बघणाऱ्या डोळ्यांत पडतात.

कागदाला आणि गोणपाटाला आग लवकर धरू नये म्हणून जुना उपाय आहे: दहा लिटर कोमट पाण्यात 700 ग्रॅम टाकणखार आणि 300 ग्रॅम बोरिक अॅसिड, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं. गोणपाट, मांजरपाट त्यात बुडवून पिळायचं. पतंगी कागद बुडवला तर लगदा होतो, त्यावर फवारा मारून दोरीवर वाळवायचा आणि मगच फाडायचा. वाळलेल्या कापडाची एक पट्टी मंचापासून लांब, मोकळ्या जागी टांगून खालच्या टोकाला काडी 12 सेकंद धरा. काडी काढल्यावर ज्योत विझली पाहिजे. पट्टी पेटत राहिली तर द्रावण पातळ झालंय किंवा कापडात नायलॉन आहे. कृत्रिम धाग्यावर हा उपाय चालत नाही. कापड धुतलं की परिणाम जातो, पुन्हा बुडवावं लागतं. मिश्रण पोटात जाऊ देऊ नका, स्वयंपाकाच्या भांड्यात करू नका.

मशाल खरी ठेवली तर? दोनच मिनिटांचा प्रसंग आहे. (शिवाजी पेठ)

नको. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना या शहरानं पाहिलंय. लुकलुकणारा पिवळा एलईडी, त्यावर नारिंगी जिलेटीन (दिव्यावर लावायचा रंगीत पारदर्शक कागद), बस्स.

संपूर्ण नाटिका लाल प्रकाशात केली. भयाण वाटेल असं वाटलं होतं, पण चेहरेच दिसले नाहीत. शिवाय मंचावर लावलेल्या रेडियमच्या पट्ट्या अंधारात चमकल्या नाहीत, एक जण खोक्यावर आपटला. (ताराबाई पार्क)

दोन्हींचं मूळ एकच. निव्वळ लाल उजेडात लाल वस्तू पांढरट होते आणि हिरवी-निळी काळी पडते. बाईच्या कपाळावरचं कुंकू नाहीसं होतं, ओठ चेहऱ्यात विरतात, हिरवं लुगडं काळं दिसतं. रंगभूषा लाल उजेडात तपासली नसेल तर ती केलीच नाही असं समजा. समोरून एक फिकट पांढरा दिवा दहा-पंधरा टक्क्यांवर ठेवा आणि लाल मागून किंवा बाजूनं द्या. चेहरा परत येतो, लाल कडेला राहतो. आम्हाला विचाराल तर लाल म्हणजे प्रलय हे समीकरणच आता झिजलंय. ट्यूबलाइटच्या थंड, सपाट उजेडात एक माणूस शांतपणे डबा उघडून बसला तर जास्त धडकी भरते.

रेडियमचं असं आहे, की ती पट्टी आधी उजेड पिते आणि मग देते. पण तिला चालतो तो निळा, पांढरा किंवा अतिनील उजेड. लाल उजेड तासभर टाकला तरी ती भरत नाही. प्रयोगाआधी प्रत्येक पट्टीवर पांढरी टॉर्च जवळून मिनिटभर धरा, आणि अंधाराच्या आधीच्या प्रसंगात पांढरा उजेड थोडा तरी त्या कोपऱ्यापर्यंत पोचेल असं बघा. पट्टी खोक्याच्या कोपऱ्यांवर एल आकारात चिकटवा, नुसत्या ठिपक्यांनी कड कळत नाही.

शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग आहे. सहा पार (मंचाचे झोतदिवे) लावले, सुरुवातीला चालले, मध्येच एमसीबी पडला. (शाहूपुरी)

पार जुने हॅलोजनचे, 1000 वॅटचे असतील तर 230 व्होल्टला एकेक सव्वाचार अॅम्पियरच्या वर ओढतो. सहा एकदम पूर्ण लावले तर 26 अॅम्पियर, आणि पॉइंट आहे 15-16 चा. उजेड कमी-जास्त करणारा डिमर अर्ध्यावर असेपर्यंत एमसीबी तग धरतो; शेवटचा स्फोट आला, सगळे दिवे पूर्ण वर गेले, की पडतो. एका पॉइंटवर तीनच पार. धुराचं यंत्र त्याच लाइनवर असेल तर तेही तपासा: त्याचा हीटर आपोआप चालू-बंद होतो, म्हणून तांत्रिक तालमीत काही होत नाही आणि प्रयोगात होतं. त्याला वेगळ्या खोलीतून वेगळी लाइन द्या. एक्स्टेंशनची रीळ गुंडाळलेली ठेवून भार टाकू नका, आतली वायर तापून वितळते, पूर्ण उलगडा.

आमच्या नाटिकेत अशनी कोसळतो. उजेड आणि स्फोटाचा आवाज एकदम द्यायचा का? (उद्यमनगर)

एकदम दिलात तर हातचं नाटक घालवलंत. 15 फेब्रुवारी 2013 ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर साधारण 20 मीटरचा अशनी सुमारे 30 किलोमीटर उंचीवर फुटला. आधी सूर्याहून प्रखर उजेड, आणि दणका शहरात पोचला तो दोन मिनिटांहून जास्त वेळानं. मधल्या वेळात लोक काय झालं ते बघायला खिडकीशी गेले, आणि मग काचा फुटल्या. जखमी सुमारे 1500, बहुतेक काचांनी. आवाज दहा सेकंदांत तीन-साडेतीन किलोमीटर जातो, एवढं संहितेत सांभाळा. उजेड द्या, मग तुमची पात्रं खिडकीशी जाऊ द्या. चाळीस-पन्नास सेकंदांची शांतता मंचावर पुरते. खऱ्या दोन मिनिटांत प्रेक्षक खोकायला लागतात.

दणक्यासाठी तुमच्याच भागात 22 गेजचा आठ बाय चारचा पत्रा मिळेल. उभा मधोमध कापून घ्या, म्हणजे दोन फूट बाय आठ फुटांचे दोन तुकडे, प्रत्येक नऊ-साडेनऊ किलोचा. कडा घासून टेप लावा. वरची कड दोन लाकडी पट्ट्यांत बोल्टनं आवळून दोरीनं टांगा, खाली धरायला लाकडी मूठ. पातळ पत्रा घेतलात तर गडगडाटाऐवजी डब्याचा खडखडाट येतो. मूठ जोरात हलवण्याआधी मंद थरथर सुरू करायची, मग वाढवायची. हातानं बुक्की मारली की ती बुक्कीच ऐकू येते. पत्रा विंगेच्या कापडाला घासत असेल तर नाद मरतो, फूटभर मोकळी जागा सोडा.

ब्लॅकआउट घेतला की प्रेक्षकांतून "लाइट गेली" असा आवाज येतो. (कसबा बावडा)

येणारच. एक आवाज चालू ठेवा, घड्याळाची टिकटिक असो की नळाचं ठिबकणं, किंवा एक दिवा आठ-दहा सेकंदांत उतरत न्या. वीज गेली तर साउंडही जातो, हे प्रेक्षकाला माहीत असतं. बाहेर जाण्याच्या दाराचे दिवे मात्र झाकू नका.

तालमीला हलगी कडाडते, पावसाळ्यातल्या प्रयोगात ढबढब वाजते. (कळंबा)

दमट हवेत चामडं सैल पडतं. शेकायची ती इमारतीबाहेर, आणि प्रवेशाच्या अगदी दहा मिनिटं आधी; तिसऱ्या घंटेपूर्वी शेकून ठेवलेली नाटिका येईपर्यंत पुन्हा उतरते. फायबरच्या पानाची हलगी उतरत नाही, पण तिचा आवाज कोरडा असतो. पत्र्याच्या छपराचा हॉल असेल तर जुलै-ऑगस्टची तारीख घेऊच नका. पावसापुढं हलगीही हरते.

जगाचा शेवट म्हटलं की सगळं परक्या सिनेमासारखं होतं. आपलं काही सुचवाल? (गंगावेश)

आपल्याकडं प्रलय एक नाही, चार आहेत. नैमित्तिक म्हणजे ब्रह्मदेवाचा दिवस संपल्यावरचा, प्राकृत म्हणजे सगळं मूळ प्रकृतीत विरण्याचा, आत्यंतिक म्हणजे मोक्षाचा, आणि नित्य म्हणजे रोज चाललेला. छोट्या नाटिकेला नित्य प्रलय सर्वांत सोयीचा. त्याला धूर लागत नाही. महाभारतातलं मौसलपर्वही बघा. एका कुळाचा शेवट, तोही आपापसांत मारामारी करून, आणि मग द्वारकेत शिरणारा समुद्र.

गंगावेशीतून लिहिताय म्हणजे पंचगंगा जवळच आहे. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर होतं. हे आकडे इथं कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. मंचावर घरातली माणसं सामान माळ्यावर चढवतायत आणि विंगेतून एक सपाट आवाज दर दीड मिनिटानं फक्त पातळी सांगतोय: "38 फूट 4 इंच." "38 फूट 9 इंच." पाण्याचा आवाज नाही, निळा उजेड नाही. आवाज 39 ओलांडतो तेव्हा कुणीही मान वर करायची नाही, काम चालूच. माळ्यावर शेवटी काय चढवतात, तेवढं ठरवायला वेळ घ्या. पुराच्या इशाऱ्याचा भोंगा खरा वाजवू नका. प्रेक्षकांत त्या पाण्यातून बाहेर पडलेली माणसं असतात, त्यांना तिकिटाच्या टेबलावरच विषय सांगून ठेवावा.

आमची संहिता तालमीत रोज बदलते. मंजुरीचं काय? (विद्यापीठ परिसर)

रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं लिहिलेली संहिता जाते, तालीम नाही. म्हणून आधी गोठवायची तारीख ठरवा आणि मगच पाठवा. सहा नाटिकांचा क्रम, जोडणारी वाक्यं, विंगेतला आवाज, सगळं लिहून. उत्स्फूर्त भाग ठेवायचाच असेल तर तो हालचालीत ठेवा, शब्दांत नको. उघड्यावर प्रयोग असेल तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, तेव्हा पडदा साडेसातला उघडा. आठची वेळ छापलीत तर लोक सव्वाआठला येतात.