'मस्सा' : गाढवावरचे ओझे की देववाणी?

एका वाचकाने विचारले आहे की बायबलच्या जुन्या करारात, संदेष्टा यिर्मया याच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात लोक संदेष्ट्याला नेमके काय विचारतात, 'परमेश्वराची वाणी काय?' की 'परमेश्वराचे ओझे काय?' भाषांतर बदलले की शब्द बदलतो. मग मूळ हिब्रू शब्द कोणता आणि त्याचा खरा अर्थ कोणता?

मूळ शब्द एकच आहे, 'मस्सा'. धातू 'नासा', म्हणजे उचलणे, वाहून नेणे. मस्साचा रोजच्या वापरातला अर्थ अगदी साधा आहे. तुझ्या वैऱ्याचे गाढव मस्साखाली बसकण मारून पडलेले दिसले तर तसेच पुढे जाऊ नकोस, असे निर्गमच्या 23व्या अध्यायात सांगितले आहे. कुष्ठरोगातून बरा झालेला सेनापती नामान संदेष्टा अलीशाकडे माती मागतो ती दोन खेचरांचा मस्सा इतकी. आणि यशयाच्या 13व्या अध्यायापासून 'बाबेलचा मस्सा', 'मवाबाचा मस्सा' अशी शीर्षके लागतात. नहूम, हबक्कूक आणि मलाखी ही तिन्ही पुस्तके याच शब्दाने उघडतात. तिथे अर्थ देववाणी.

हा दुसरा अर्थ आला कुठून? बहुतेक 'आवाज उचलणे' या प्रयोगातून. हिब्रूत आवाज 'उचलतात', आणि बलाम हा द्रष्टा आपले काव्यमय वचनही 'उचलतो', तेही याच धातूने. म्हणजे व्युत्पत्तीपुरते बोलायचे तर देववाणी हे ओझे असल्यामुळे तिला मस्सा म्हणत, असे ठामपणे सांगता येत नाही. बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने अशा शीर्षकांत सरसकट 'ओनुस', म्हणजे ओझे, असे घातले. त्यामुळे युरोपात शतकानुशतके 'बाबेलचे ओझे' असेच वाचले गेले. कोशाच्या दृष्टीने ते थोडे ओढूनताणून आहे. पण हिब्रू ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही अर्थ एकदम वाजत असणार, आणि शास्त्र लिहिणाऱ्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला आहे.

सर्वांत बोलका वापर मोशेच्या तोंडी आहे, गणनाच्या 11व्या अध्यायात. मोशेने मिसरातून बाहेर आणलेले इस्राएल लोक रानात मान्ना, म्हणजे देवाने रोज दिलेले अन्न, खाऊन कंटाळले आहेत. मिसरातल्या काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण आठवून तंबूंच्या दारात रडत बसले आहेत. मोशे देवाशी सरळ भांडतो : या सगळ्या लोकांचा मस्सा माझ्यावर का टाकलास? मी का यांना पोटात वाढवले, की मी यांना जन्म दिला, म्हणून तू मला म्हणतोस, तान्ह्या पोराला सांभाळणारा उचलतो तसे यांना उराशी घेऊन चल? हे मला एकट्याला झेपत नाही. असेच वागवायचे असेल तर मला मारून टाक.

गाढवाच्या पाठीवरच्या बोज्याला जो शब्द, तोच इथे अख्ख्या लोकसमुदायाला. भाषांतरात 'जबाबदारी' वगैरे घातले की यातला सगळा वैताग निघून जातो. इथे 'ओझे'च हवे.

याच वाक्यातला 'सांभाळणारा' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. हिब्रूत तो 'ओमेन', आणि तो पुल्लिंगी आहे. मराठीत दाई आहे, पण त्या शब्दाचे पुल्लिंगी रूप आपल्याकडे नाही. अनाथ एस्तेरला वाढवणारा तिचा चुलतभाऊ मर्दखयही ओमेन, आणि रूथचे बाळ मांडीवर घेणारी तिची सासू नामी 'ओमेनेत'. यशयाच्या 60व्या अध्यायात मुलींना कडेवर घेऊन आणतील असे म्हटले आहे, तिथले क्रियापदही याच अक्षरांचे, आणि 'कडेवर'साठी हिब्रूतही 'बाजूवर' असेच शब्द आहेत. ही अक्षरे म्हणजे अलेफ-मेम-नून. 'आमेन' त्यांचाच, आणि ज्याचे भाषांतर आपण 'विश्वास' करतो तो 'एमुना' हा शब्दही त्यांचाच. सांभाळणारा ओमेन मुळात वेगळ्या धातूचा असावा का, यावर कोशकारांचे एकमत नाही. पण एमुना म्हणजे मनातली मान्यता एवढेच नाही, हे अमालेक या शत्रू टोळीशी झालेल्या लढाईच्या कथेत स्पष्ट दिसते. मोशेचे हात वर असेपर्यंत इस्राएलची सरशी होते, पण ते हात जड होतात. त्याला दगडावर बसवून अहरोन एका बाजूने आणि हूर दुसऱ्या बाजूने हात धरून ठेवतात, आणि मूळ वाक्य म्हणते की सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात 'एमुना' होते. इथे 'विश्वास' घालून पाहा, वाक्य कोसळते. हात स्थिर राहिले, तेही दुसऱ्यांनी धरले म्हणून.

मोशेच्या तक्रारीला उत्तर मिळते तेही याच धातूत. सत्तर वडील गोळा कर, ते तुझ्याबरोबर लोकांचा मस्सा वाहतील. 'देवावर भार टाक' हा आपला नेहमीचा सल्ला. स्तोत्र 55 मधले तसे वचन मराठी ख्रिस्ती घरांत परिचित आहे, पण तिथला हिब्रू शब्द मस्सा नव्हे, 'यहाव', आणि तो पूर्ण हिब्रू शास्त्रात त्याच एका ठिकाणी येतो. मोशेने मात्र देवावर भार टाकला, तर देवाने तो सत्तर जणांत वाटून दिला.

जाता जाता, जड म्हणजे 'कावेद' आणि वैभव म्हणजे 'कावोद', दोन्ही एकाच धातूचे. संस्कृत 'गुरु' म्हणजे जडही आणि शिकवणाराही, आणि गौरव त्याच्यापासूनच, हे आठवले की मराठी वाचकाला हे परके वाटणार नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात तर याचा क्रूर खेळ आहे. याजक एली आपल्या मुलांना देवापेक्षा जास्त 'वजन' देतो. कराराचा कोश, म्हणजे देवाची पवित्र पेटी, शत्रूच्या हाती गेल्याची बातमी येते तेव्हा तो आसनावरून मागे पडतो आणि मान मोडून मरतो, कारण तो म्हातारा आणि 'कावेद' होता. त्याच दिवशी जन्मलेल्या नातवाचे नाव ईखाबोद पडते, आणि त्याची आईच अर्थ सांगते : कावोद गेले.

आता यिर्मया. लोक टिंगलीने विचारतात, 'काय मग, परमेश्वराचा मस्सा काय आज?' नवी वाणी कोणती, आणि आज कोणते लोढणे आणलेस, हे दोन्ही त्यात आहे. विसाव्या अध्यायात हाच माणूस सांगून बसला आहे की वचन हाडांत कोंडलेल्या आगीसारखे झाले आहे आणि ते आवरून मी थकलो आहे. अशा माणसाला हा प्रश्न. उत्तरात आजची हिब्रू प्रत 'एत-मा-मस्सा' असे काहीसे अडखळते शब्द देते : 'कसला मस्सा?' प्राचीन ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांनी तीच अक्षरे वेगळी तोडली, 'अत्तेम हम्मस्सा' : 'ओझे तुम्हीच आहात!' आणि पुढे लगेच, मी तुम्हाला टाकून देईन. मला हेच वाचन पटते. टाकून द्यायला आधी ओझे हवे, त्याशिवाय पुढच्या वाक्याला पायाच उरत नाही.

तेव्हा वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर : नहूम, हबक्कूक यांच्या शीर्षकांत 'देववाणी' चालेल, पण यिर्मया 23 मध्ये दोन्ही अर्थ पेलणारा एकच शब्द लागेल. माझी पसंती 'भार'ला. मंत्राने भारणे, भारलेले शब्द हे प्रयोग मराठीत आहेतच, त्यामुळे 'परमेश्वराचा भार काय?' या प्रश्नातला टोमणाही थोडाफार ऐकू येईल.