वाड्याचे खांब पांढरे करावेत का?

प्रश्न : औशात आमचा माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा वाडा आहे, सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेला. मधे चौक, भोवती ओसरी, सागवानी खांब. मुलगी ग्लासगोला शिकते. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेले तेव्हा विद्यापीठाच्या संग्रहालयात मॅकिंटॉश या आर्किटेक्टचं राहतं घर पाहिलं. जुनं, अरुंद घर. पण जिना चढून वर गेले आणि सगळं पांढरंशुभ्र! मी थबकलेच. आता वाडा दुरुस्तीला काढलाय. कंत्राटदार म्हणतात, खांब-तुळयांना पांढरा ऑइल पेंट मारू, फॉल्स सीलिंग करू, खाली टाइल्स टाकू, घर तसंच दिसेल. करावं का?
— एक शिक्षिका, औसा

उत्तर : ताई, खांबांना पांढरा रंग लावू नका. हे आधीच सांगते, कारण कंत्राटदार उद्याच ब्रश घेऊन येतील.

माझे वडील परभणीला सुतारकाम करायचे. सागवानावर ऑइल पेंट चढलेला दिसला की ते त्यावर नुसता हात फिरवत, बोलत काही नसत. त्यामुळे या बाबतीत माझं मन तटस्थ नाही.

तुम्ही पाहिलेलं घर मलाही फार आवडतं. चार्ल्स रेनी मॅकिंटॉश आणि मार्गारेट मॅकडोनाल्ड हे दोघं कलावंत नवरा-बायको 1906 साली तिथं राहायला आले. व्हिक्टोरियन काळातलं, ओळीच्या टोकाचं घर. अशा घरांत एकावर एक मजले आणि मजल्यागणिक पुढे एक, मागे एक खोली. त्यांनी पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांमधली भिंत काढून एक मोठी, काटकोनात वळणारी बैठक केली. दाराच्या उंचीवर एक आडवी पट्टी साऱ्या भिंतींवरून, खिडक्यांवरूनही सलग फिरवली. आधीच्या बिऱ्हाडातल्या शेकोटीच्या चौकटीसुद्धा त्यांनी सोबत आणल्या होत्या. मूळ घर 1963 मध्ये पाडलं गेलं; आतल्या मुख्य खोल्यांचं सामान जपून ठेवलं होतं, ते तिथून जवळच पुन्हा उभारलं. खोल्यांची दिशा मुद्दाम पहिल्यासारखीच ठेवली, कारण त्या घराचा जीव उजेडात आहे. (बाहेरून पाहिलंत का? पुढचं दार जमिनीपासून वर, अधांतरी आहे.)

पण खालची जेवणाची खोली आठवते का? ती गडद आहे. भिंतींना करड्या-तपकिरी जाड्याभरड्या कागदाचं अस्तर. त्या अंधारातून जिना चढून आल्यामुळेच वरचं पांढरं डोळ्यांत भरतं. ग्लासगोचं आभाळ बरेच महिने झाकोळलेलं असतं, आलेला प्रत्येक कवडसा त्यांना धरून ठेवायचा होता. आपल्याकडे एप्रिलमध्ये चौकात पाऊल ठेववत नाही. आपल्याला उन्हाची तिरीप मोडायची असते. ओसरीतलं काळपट सागवान तेच काम करतं.

आणि त्यांनी कष्टाने केलं ते तुमच्याकडे आधीपासून आहे. ढाळजेतल्या, म्हणजे दारालगतच्या पडवीतल्या अंधारातून चौकातल्या उजेडात येणं, ते आहे. खोलीभर फिरणारी आडवी रेघ, ती तुमची तुळई. फॉल्स सीलिंगमागे नेमकी तीच जाईल, वर वाळवी लागली तरी कळणार नाही.

आता खरं काळजीचं. किल्लारी तुमच्याच तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर मी त्या भागात फिरले. दगड-मातीच्या जाड भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांपासून सुटून पडले होते, कारण दोन्हींना बांधणारे आरपार दगड नव्हते. आणि डोक्यावर माळवदाची माती. गळलं की आणखी एक थर, असं करत पिढ्यान्‌पिढ्या ओझं वाढत गेलेलं. तुमचा वाडा त्यातून उभा राहिला, पण म्हणून तो पक्का आहे असं धरू नका. टाइल्सचे पैसे बाजूला ठेवा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. माती किती उतरवायची, भिंती कशा बांधून घ्यायच्या, ते ठरल्याशिवाय आतलं काहीच सुरू करू नका.

भिंतींना सिमेंट नको. मातीच्या भिंतीत ओल येते तशी निघूनही गेली पाहिजे. सिमेंट तिला कोंडतं आणि मग पोपडे धरतात. चुन्याचा गिलावा, वर चुन्याचाच हात. मॅकिंटॉश ज्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स, म्हणजे हातच्या कारागिरीला मान देणाऱ्या विचारात घडले, त्यातले डिझायनर विल्यम मॉरिस आणि आर्किटेक्ट फिलिप वेब यांनी 1877 मध्ये जुन्या इमारतींसाठी संस्थाच काढली, कारण दुरुस्तीच्या नावाखाली चर्चच्या भिंतींवरचे जुने गिलावे खरवडले जात होते. तुम्हाला पांढरं हवंय ना? ते चुन्यात मिळेल, आणि काळ्या सागवानाशेजारी ते खुलेल. शहाबादी फरशी असेल तर उखडू नका, घासून घ्या. कोनाडे बुजवू नका.

खांबांसाठी परसदाराकडचा एक खांब आधी निवडा. कोमट पाण्याने आणि काथ्याने धुवा, दोन दिवस सुकू द्या, मग उकळलेलं जवसाचं तेल फडक्याने पातळ चोळा. फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आठवड्याने तो खांब सकाळी आणि तिन्हीसांजेला पाहा, आणि मगच कंत्राटदारांना बोलवा.