ताफ्यावर हल्ला झाल्यास थांबावे की निघून जावे?

प्रश्न : लष्कराच्या मालवाहू ट्रकांवर वाटेत हल्ला झाला, तर त्यांनी थांबून लढावे की वेग वाढवून निघून जावे? शिवाय सर्वच ट्रकांना चिलखत का चढवत नाहीत? – एक वाचक

उत्तर : ताफ्यातील सगळ्या गाड्यांचे काम सारखे नसते, म्हणून उत्तरही एकच नाही. दबा धरून बसलेला शत्रू बहुधा पुढची गाडी निकामी करून रस्ता अडवतो, मागची गाडी टिपून परतीची वाट बंद करतो आणि मग मधल्या गाड्यांवर सावकाश मारा करतो. म्हणून ज्यांच्यापुढे वाट मोकळी आहे त्यांनी थांबू नये, जे अजून माऱ्याच्या टप्प्यात आलेले नाहीत त्यांनी अलीकडेच थांबावे आणि संरक्षक गाड्यांनी मात्र थेट त्या टप्प्यात शिरावे, असा साधारण नियम आहे. तो पाळता यावा यासाठी गाड्यांमध्ये पुरेसे अंतर लागते. एकमेकींना चिकटून चाललेल्या गाड्या एकाच सापळ्यात सापडतात.

हा नियम व्हिएतनाममध्ये अमेरिकी वाहतूक दलाला फार महागात शिकावा लागला. क्वी न्योन बंदरातून प्लेकूच्या पठाराकडे जाणाऱ्या १९ क्रमांकाच्या रस्त्यावर २ सप्टेंबर १९६७ रोजी ३७ ट्रकांचा परतणारा ताफा सापडला. बहुतेक ट्रक निकामी झाले आणि सात चालक मारले गेले. (याच रस्त्यावर १९५४ मध्ये फ्रेंचांचे एक अख्खे फिरते पथक उद्ध्वस्त झाले होते, हे विसरले गेले असावे.) त्यानंतर तिथल्या वाहतूकदलाने काही ट्रकांतला माल उतरवून त्यांवर मशीनगन बसवल्या आणि हे 'गन ट्रक' ताफ्यात मधूनमधून पेरले. हल्ला होताच पळण्याऐवजी ते हल्लेखोरांवरच चालून जात. माझ्या मते खरा बदल बंदुकांपेक्षा या वृत्तीत होता.

चिलखताच्या प्रश्नाचे उत्तरही त्याच ट्रकांत मिळते. सुरुवातीला त्यांच्या बाजूंना वाळूची पोती रचली होती. पावसात ती भिजून जड होत आणि गाडीची चाल मंदावे. मग अडीच टनी ट्रकांऐवजी पाच टनी ट्रक आणि पोत्यांऐवजी पोलादी पत्रे आले. मात्र गन ट्रक माल वाहत नसे, म्हणजे प्रत्येक संरक्षक गाडीमागे एका ट्रकाची खेप कमी होई. पत्र्याचे वजन इंजिन, स्प्रिंगा आणि टायर यांनाच सोसावे लागते. सुरुंगांसाठी पत्रा जाड करून भागत नाही. स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना वळावा म्हणून गाडीचा तळ होडीसारखा निमुळता करतात व ती जमिनीपासून उंच ठेवतात, पण उंच गाडी कच्च्या रस्त्यावर लवकर कलंडते.

शस्त्रांची निवडही प्रदेशानुसार बदलते. अफगाणिस्तानच्या घाटांत सोव्हिएत रणगाड्यांच्या तोफांना कड्यावरच्या शत्रूवर नेम धरण्याइतके वर उचलणे शक्य नव्हते, म्हणून विमानविरोधी २३ मिलिमीटरच्या जुळ्या तोफा ट्रकांवर चढवण्यात आल्या.

अखेरीस, शस्त्र आहे म्हणजे ते चालेलच असे नाही. २३ मार्च २००३ रोजी इराकमधील नासिरिया शहरात अमेरिकेच्या दुरुस्ती पथकाच्या १८ गाड्या वाट चुकून शिरल्या. हल्ला झाला तेव्हा धुळीने अनेकांच्या बंदुका अडकल्या आणि अकरा सैनिक प्राणाला मुकले. नकाशा वाचणे आणि रोज बंदूक पुसणे ही कामे चालकाची नाहीत, असे मानणाऱ्यांनी ती घटना जरूर अभ्यासावी.