गावाकडच्या लोकांसाठी मानसिक आरोग्याचं अ‍ॅप करतोय, डिझाइन सोपं कसं ठेवू?

भाऊ, तुम्ही धुळे-जळगावकडच्या लोकांसाठी अ‍ॅप करताय ना, मीही इकडेच जळगावात अ‍ॅपच्या स्क्रीनची कामं करतो म्हणून सांगतो, रंग-आयकॉन नंतर बघा, आधी हे धरून चाला की फोन एकट्याचा नसतो. सुनेचा मोबाईल सासूच्या हातात जातो, पोरं त्यावर रील्स बघत बसतात, सिम बऱ्याचदा नवऱ्याच्या नावावर. आणि तुमचं अ‍ॅप रात्री लॉक स्क्रीनवर टाकणार 'आज उदास वाटतंय का?' झालं, घरभर चर्चा. नोटिफिकेशन मुळात बंदच ठेवा, ज्याला पाहिजे तो चालू करेल.

ओटीपीचं लॉगिनही नको, मेसेज भलत्याच माणसाला दिसतो. नाव-नंबर न देता सुरू होऊ द्या, आत पिन पुरे. अँड्रॉइडमध्ये फ्लॅग सिक्युअर नावाची स्क्रीन लपवायची सेटिंग कोडमध्ये लावली की रिसेंट अ‍ॅप्समध्ये आतलं काही दिसत नाही, एका ओळीचं काम आहे पण कोणी करत नाही!

फिकट गुलाबी-जांभळे रंग लॅपटॉपवर शांत वाटतात, इकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात केळीच्या बागेबाहेर उभं राहून वाचून बघा एकदा. सलग इतके दिवस अ‍ॅप उघडलं म्हणून बक्षीस वगैरे तर काढूनच टाका, ज्याला सकाळी उठवत नाही त्याला अजून एक गोष्ट चुकल्याचं कशाला दाखवायचं.

प्रश्नावली बहुतेक पीएचक्यू-९ घ्याल, म्हणजे डिप्रेशनची लक्षणं चाचपायची ठरलेली प्रश्नावली. गेल्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३. लक्ष लागत नाही हा त्यातलाच एक प्रश्न आहे, मग सगळे एका लांबलचक पानावर कसे टाकता? एका स्क्रीनवर एक, बाजूला ऐकायचं बटण, आणि मध्येच कोणी आलं म्हणून फोन ठेवला तर पुढे तिथूनच सुरू व्हायला पाहिजे. शेवटी 'तुम्हाला डिप्रेशन आहे' असं लिहू नका, ही नुसती चाचपणी आहे, निदान डॉक्टर करतील.

नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करायच्या विचारांचा. तिथे ० सोडून काहीही दाबलं की बेरजेची वाट बघू नका, लगेच टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचं १४४१६ मोठ्या बटणावर आलं पाहिजे. सरकारी सेवा आहे, २०२२ पासूनची, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं. आणि बटणाखाली बारीक ओळ टाका की हा नंबर कॉल लिस्टमध्ये दिसेल, नको असेल तर नंतर काढून टाका.