बर्फावरच्या रचनेमागे : तात्याना तारासोवा

प्रश्न : २०१४ च्या सोची ऑलिंपिकमधील जपानची फिगर स्केटर माओ असादा हिचे फ्री स्केटिंग (स्पर्धेचा दुसरा, मोठा भाग) मी अलीकडेच पाहिले आणि भारावून गेलो. ते बसवणाऱ्या तात्याना तारासोवा यांनी अनेक सुवर्णपदकविजेते घडवले, असे वाचनात आले. त्या स्वतः स्केटिंग करीत होत्या का? आणि अशा यशात त्यांचा वाटा नेमका किती मानावा?
— एक वाचक

उत्तर : होय, त्या स्वतः जोडी प्रकारात स्केटिंग करीत असत. १३ फेब्रुवारी १९४७ रोजी मॉस्कोत जन्मलेल्या तारासोवा या सोविएत आइस हॉकीचे विख्यात प्रशिक्षक अनातोली तारासोव यांच्या कन्या. गेओर्गी प्रोस्कुरिन यांच्या जोडीने त्या नाव मिळवू लागल्या होत्या; परंतु दुखापतीमुळे विशीच्या उंबरठ्यावरच त्यांना स्पर्धा सोडावी लागली आणि ज्या वयात खेळाडू पदकांची स्वप्ने पाहतात, त्या वयात त्या रिंकच्या कडेला उभ्या राहून इतरांना शिकवू लागल्या.

वाट्याच्या प्रश्नाला मात्र सरसकट उत्तर देता येणार नाही. इरिना रोदनिना १९७४ मध्ये अलेक्सांद्र झायत्सेव यांच्यासह तारासोवा यांच्याकडे आल्या आणि या जोडीने १९७६ व १९८० ची ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली, हे खरे. पण रोदनिना यांनी १९७२ मध्ये दुसऱ्या जोडीदारासह, दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली सुवर्ण मिळवलेलेच होते. त्यामुळे ‘घडवले’ हे क्रियापद तिथे जपून वापरावे. याउलट आइस डान्स (बर्फावरील जोडीनृत्य) या प्रकारातील नताल्या बेस्तेमियानोवा आणि आंद्रेई बुकिन ही जोडी त्यांच्याच देखरेखीखाली वाढली आणि १९८८ मध्ये कॅलगरीत विजेती ठरली. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये तर पुरुष एकेरीत इलिया कुलिक आणि आइस डान्समध्ये ग्रिशुक–प्लातोव अशी दोन सुवर्णपदके त्यांच्या शिष्यांनी मिळवली.

माझ्या मते त्यांचे खरे सामर्थ्य तयार खेळाडूला नवे रूप देण्यात आहे. अलेक्सेई यागुदिन १९९८ मध्ये त्यांच्याकडे आला, तेव्हा तो विश्वविजेता होता. उड्या त्याला आणखी कुणी शिकवण्याची फारशी गरज नव्हती. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकसाठी तारासोवा आणि त्यांचे सहकारी निकोलाय मोरोझोव यांनी ‘विंटर’ या संगीतरचनेवर त्याचा शॉर्ट प्रोग्रॅम, म्हणजे स्पर्धेचा पहिला, छोटा भाग बसवला. त्यात तो बर्फाचा चुरा हाताने उधळतो आणि पुढे स्केटच्या टोकांवर इतक्या वेगाने पावले टाकतो, की उडी आणि नृत्य यांच्यातील सांधा दिसेनासा होतो. त्या स्पर्धेचे सुवर्णपदक त्यालाच मिळाले.

आता असादाविषयी. २०१० च्या व्हँकूवर ऑलिंपिकच्या वेळी तारासोवा तिच्या प्रशिक्षक होत्या. फ्री स्केटिंगसाठी त्यांनी रशियन संगीतकार रखमानिनोव यांची गंभीर, घंटानादाची आठवण करून देणारी पियानोरचना निवडली. ही निवड एवढ्या कोवळ्या मुलीसाठी फार जड आहे, अशी टीका झाली. असादाने त्या स्पर्धेत एकूण तीन ट्रिपल ॲक्सेल यशस्वी केल्या, म्हणजे साडेतीन फेऱ्यांची ती अवघड उडी तीन वेळा साधली. पण फ्री स्केटिंगच्या उत्तरार्धात ती चुकली आणि तिला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. तरीही मला ती टीका पटत नाही. सोपे, गोड संगीत दिले असते, तर असादातील कणखरपणा इतक्या स्पष्टपणे दिसलाच नसता.

सोचीमध्ये तिचे प्रशिक्षक नोबुओ सातो होते. तारासोवा यांच्याकडे फ्री स्केटिंगच्या रचनेचे काम होते आणि संगीत पुन्हा रखमानिनोव यांचेच, या वेळी दुसरा पियानो कॉन्चेर्तो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना). शॉर्ट प्रोग्रॅममध्ये असादा पडली आणि सोळाव्या क्रमांकावर घसरली. दुसऱ्या दिवशी तिने, आपण पाहिलेत तसे, एकामागून एक उड्या पूर्ण केल्या, १४२.७१ गुण मिळवून ती एकूण सहाव्या स्थानी आली. त्या चार मिनिटांतील धैर्य असादाचे, उड्यांची तयारी तिची आणि सातो यांची. परंतु शेवटच्या पदन्यासात संगीत उंचावत जाते, तसा तिचा वेग आणि हातांचा विस्तार वाढत जातो, ही बांधणी तारासोवा यांची आहे. चित्रफीत पुन्हा पाहताना उड्या संपल्यानंतरच्या या भागाकडे आपण अवश्य लक्ष द्यावे.