युद्धविमानांच्या गेममधले वैमानिकांचे आवाज आणि अ‍ॅक्सेंट खरे असतात का? स्वतः आवाज भरायचे तर काय बघायचं?

बहुतेक ठिकाणी नसतात. पण तुम्ही अ‍ॅक्सेंटला धरून बसलाय, आणि खोट उघडी पडते ती भलतीकडेच.

आधी शब्द. १९४० चा स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचा वैमानिक ‘रॉजर’ (म्हणजे ‘निरोप मिळाला’) म्हणाला की तिथंच घोडं पेंड खातं. तेव्हाच्या ब्रिटिश हवाईदलाच्या अक्षरमालेत आर म्हणजे रॉबर्ट, बी म्हणजे बीअर, एफ म्हणजे फ्रेडी. रॉजर अमेरिकन अक्षरमालेतनं मागाहून आला. बी आणि एफ साठीचे आजचे ब्राव्हो-फॉक्सट्रॉट तर १९५६ चे. खरे शब्द वेगळेच: एंजल्स फिफ्टीन म्हणजे पंधरा हजार फूट, व्हेक्टर म्हणजे दिशा, बस्टर म्हणजे पूर्ण वेग, पॅनकेक म्हणजे उतरा. जर्मनांकडे शत्रूची लढाऊ विमानं म्हणजे ‘इंडियानर’, आणि विमान पाडलं की ‘होरिडो’. एवढं जमलं तर आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या पोराचा आवाजही निम्मा खरा वाटतो.

आता खरी भानगड, म्हणजे रेकॉर्डिंग. सांगलीत हौशी नट मुबलक. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी रंगभूमी इथंच सुरू केली, त्यामुळे नाट्यपंढरीचा तोरा आहेच. अशा कामात कायम एक चूक होते: नट शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायच्या आवाजात बोलतो. ‘ब्रेऽऽक लेफ्ट’ (झटकन डावीकडं वळ)! स्वर लांबला की मेलं. आमच्याकडच्या एका ज्येष्ठ दिग्दर्शकांचं अजून म्हणणं आहे की ‘आवाजात भीती दिसली पाहिजे’. दिसायला नको. जोरात वळताना चार-पाच जी ला, म्हणजे अंगाचं वजन चार-पाच पट झालं की, डोळ्यांपुढं अंधारी येते; त्यापासून वाचवणारे जी-सूटही तेव्हा नव्हते. पोट आवळून श्वास धरलेला माणूस भीती दाखवत नाही, दोन शब्द बाहेर ढकलतो आणि गप्प बसतो.

म्हणून नटाला खुर्चीत मागं रेलून बसवा, दोन्ही पाय भिंतीला जोरात रेटायला लावा, पोट घट्ट, आणि तशातच वाक्य घ्या. एका श्वासात दोन-तीन शब्द, बास. कानात हेडफोनवर इंजिनाचा आवाज मोठा सोडा (एका वेळी दोन-तीन मिनिटंच, कानाचं वाटोळं करू नका). स्वतःचा आवाज नीट ऐकू येईना की माणूस आपोआप चढ्या, सपाट सुरात बोलतो. हा सूर अभिनयातनं येत नाही. तोंडावर घट्ट मास्क, भिंतींना वाकळा टांगलेल्या, आणि पातळी उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटणं, नंतर घालता येतं, काढता येत नाही.

मग ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३००० च्या वरचं कापा, सहास एक कॉम्प्रेशन (मोठा-बारीक आवाज एका पातळीला आणणं), वर थोडं डिस्टॉर्शन, मागं बारीक खरखर. रेडिओचं बटण दाबायच्या आधीच माणूस बोलायला लागतो, म्हणून काही वाक्यांचं पहिलं अक्षर अर्धवट उडवा. जर्मन वैमानिकांसाठी वरची मर्यादा २००० वर आणा. ते गळ्याला बांधायचा मायक्रोफोन वापरत, त्यात स, श, फ जवळजवळ नाहीसे होतात. आणखी एक गोष्ट, जी गेममध्ये माझ्या कानावर कधी पडली नाही: ब्रिटिश विमानाची जागा जमिनीवरून कळावी म्हणून ‘पिपस्क्वीक’ नावाची सोय होती. ज्या विमानात ती चालू असे, त्याचा संच दर मिनिटाला १४ सेकंद आपोआप खूण पाठवी, आणि तेवढा वेळ त्या वैमानिकाला बोलताच येत नसे. मिशनमध्ये एकदा ही शांतता टाकून बघा.

उरला अ‍ॅक्सेंट. सगळे खानदानी इंग्रजीत बोलत हे खोटं. सार्जंट हुद्द्याचे साधे घरचे वैमानिक भरपूर होते. शिवाय १९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईत ब्रिटिशांच्या बाजूनं १४५ पोलिश वैमानिक होते, १२७ न्यूझीलंडचे, ८८ चेकोस्लोव्हाक. पोलिशांना कंट्रोलरचे (जमिनीवरून विमानांना दिशा देणाऱ्याचे) हुकूम इंग्रजीत समजून घ्यावे लागत, पण धुमश्चक्रीत ते पोलिशवर येत. म्हणजे हुकुमाचं उत्तर मोडक्या इंग्रजीत आणि ओरडणं पोलिशमध्ये, असं भरा.

भारतीय वैमानिकाला मात्र मान डोलावणारं विनोदी इंग्रजी देऊ नका. वर सांगितलेल्या दिग्दर्शकांना तेच हवं असतं, ‘लोकांना कळायला पाहिजे ना तो इंडियन आहे’. १९४० साली २४ भारतीय वैमानिक ब्रिटनला पोचले. त्यांतले महिंदरसिंग पुज्जी विमान चालवायचं लायसन घेऊनच आले होते आणि पुढं हरिकेन हे लढाऊ विमान चालवत लढले. असा माणूस रेडिओवर शिकवलेलेच शब्द शिकवल्यासारखे बोलणार. आवाज आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाचा घ्या, र आणि ट जसे येतात तसे येऊ द्या, वरनं काही चोपडू नका.

हे सगळं १९४० चं बरं का. व्हीएचएफ, म्हणजे जास्त वारंवारतेचे रेडिओ संच आल्यावर बोलणं बरंच स्वच्छ झालं, त्यामुळे १९४४ च्या मिशनला खरखर निम्मी करा. आणि जर्मन आवाज २००० वर कापलात तर पडद्यावर खाली ओळ द्या, नाहीतर खेळणाऱ्याला काही कळायचं नाही.